एकोणिसावा रोजा, गंगेवर

काशीत रोजा आपल्यापेक्षा लवकर सुटतो, हे मला शेजारच्या काकांनी सांगितलं. मिरजेहून वाराणसी बरीच पूर्वेला. त्यामुळे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य मावळायला पावणेसात होत येतात, तर तिथे सहा वाजून पाच-सात मिनिटांनीच मगरीबची अजान होते. "अर्ध्या तासाहून जास्त नफा आहे तुझा," काका म्हणाले. नफा कसला, सहेरीसुद्धा तेवढीच लवकर संपते. पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाशी हिशेब कुठे घालत बसायचा!

काका म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे. हायस्कुलात इतिहास शिकवत. मीही त्यांच्या वर्गात बसलो आहे. त्यांना मूलबाळ नाही. काकू गेल्या, त्याला फाल्गुन वद्य षष्ठीला वर्ष होत होतं आणि ते श्राद्ध काशीला करायचं काकांनी ठरवलं. काकूंची काशी राहून गेली होती. दरवर्षी "पुढच्या वर्षी" करत करत राहून गेली, जशी पुष्कळांची राहते. पुतणे-भाचे आपापल्या कामात, आणि मी बँकेतून निवृत्त झालेला, रिकामा. अडचण एकच होती. तिथी नेमकी रमजानात येत होती. तिथी काही पुढे सरकवता येत नाही, आणि रमजानही.

प्रवासात रोजा न ठेवण्याची सवलत आहे. राहिलेले रोजे पुढे भरून काढायचे असतात. रेल्वेतले दोन दिवस मी ती सवलत घेतली. काशीत मात्र मुक्काम होता, म्हणून रोजे ठेवले. नाव केली त्या दिवशी एकोणिसावा होता.

या दोन घरांमध्ये एक स्टीलचा डबा आहे. त्याच्यावर काकूंचं नाव आणि १९७८ हे साल कोरलेलं आहे. पहिल्या रोज्याला काकू त्यातून शिरा पाठवायच्या. आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून अम्मी त्यात काहीतरी घालून धाडायची. मग तो पुन्हा भरून यायचा. असं करत ईदपर्यंत डबा कोणाचा हे कोणालाच आठवायचं नाही. फक्त एका वर्षी तो आमच्या फळीवरच राहिला. २००९ च्या सप्टेंबरमध्ये गणपती आणि रमजान एकदम आले होते. मिरजेत कमानीच्या चित्रावरून काय झालं ते आपल्या भागातल्या वाचकांना मी सांगायला नको. संचारबंदीत गच्चीवरून काकांशी बोलता बोलता आवाज चढले. ते मला काय म्हणाले आणि मी त्यांना काय म्हणालो, ते इथे लिहीत नाही. दोघांनाही ते नीट आठवतं, एवढं खरं. दीडेक महिना बोलणं बंद. दिवाळीच्या आदल्या दिवशी अम्मीने डब्यात साखर भरली आणि स्वतः नेऊन दिला. त्या कमानीचा विषय मात्र आम्ही त्यानंतर कधी काढला नाही.

काशीत होळी होऊन पाच-सहा दिवस झाले होते. घाटाच्या पायऱ्यांच्या सांधीत अजून रंग होता. सकाळी ब्रह्माघाटाकडच्या एका मराठी गुरुजींनी काकूंचं श्राद्ध नीट, शांतपणे केलं. त्या बाजूला, दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत, मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भाताचे पिंड होईपर्यंत मी वरच्या पायरीवर काकांच्या चपला सांभाळत बसलो होतो. दुपारी काका म्हणाले, "तिला नावेतून घाट बघायचे होते. चल, आपण बघू."

संध्याकाळी पाचच्या सुमाराला आम्ही अस्सी घाटावर आलो. काशीतल्या घाटांची ही दक्षिणेकडची सुरुवात. अस्सीपासून वरुणेच्या संगमापर्यंत चंद्रकोरीसारखा वळलेला काठ, त्यावर चौऱ्याऐंशी घाट. गंगा एरवी पूर्वेकडे वाहते, इथे मात्र वळण घेऊन उत्तरेकडे जाते. अस्सीहून निघालेली नाव त्यामुळे प्रवाहाबरोबर सहज जाते आणि परत येताना तिला जोर लावावा लागतो. मोठ्या, वातानुकूलित, दोन मजली बोटीही आता आहेत. काचेआडून नदी बघायची तर घरी टीव्ही काय वाईट, असं माझं मत. शिवाय उघड्या नावेत नावाडी गप्पा मारतो. आमच्या नावेत आंध्रकडचं एक कुटुंब, विद्यापीठातली तीन पोरं आणि आम्ही दोघं. नावाडी तिशीचा होता, मल्लाह. आजा-पणज्यापासून हेच काम, म्हणाला. फक्त आजाच्या हातात वल्हं होतं आणि याच्या पायाशी गॅसवर चालणारं इंजिन.

एक गोष्ट तिथे गेल्यावरच कळते. काशीचे सगळे घाट पश्चिमेच्या काठावर, तोंड पूर्वेकडे. म्हणजे सूर्योदय समोर, आणि मावळता सूर्य शहराच्या मागे, वाड्यांच्या आणि देवळांच्या पाठीशी. समोरचा काठ नुसती वाळू, वस्ती नाही. म्हणून संध्याकाळच्या फेरीत सूर्य बुडताना दिसतच नाही. घाटांवर सावली लवकर उतरते, पाणी मात्र मधोमध बराच वेळ उजळ राहतं. मी घड्याळ बघत होतो. काकांनी मला दोनदा बघताना पाहिलं.

तुलसीघाट गेला. तुलसीदासांचा शेवटचा काळ इथला. पुढे चेतसिंगाचा किल्ला, उंच आणि आडदांड. १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंगाला इथेच कैद केलं होतं आणि तो खिडकीतून उतरून नदीवाटे निसटला. नावाड्याने ती खिडकी दाखवली. मला तिथे बऱ्याच खिडक्या दिसल्या. हरिश्चंद्र घाटावर चिता पेटलेल्या होत्या. नावेतलं बोलणं आपोआप थांबलं आणि केदारघाटाचे पांढरे-तांबडे पट्टे दिसल्यावर पुन्हा सुरू झालं.

मग काकांचा वर्ग भरला. राजाघाट आला तेव्हा ते उभेच राहायला लागले, मी हात धरून बसवलं. "हा अमृतराव पेशव्यांचा!" राघोबादादांचा दत्तक मुलगा, दुसऱ्या बाजीरावाचा भाऊ. पुण्याचं राजकारण सोडून इकडे आला आणि घाट बांधला. त्याच्यापुढे मुन्शी घाट, नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांचा. मग अहिल्याबाईंचा. मग दशाश्वमेध, जो पेशवे बाळाजी बाजीराव यांनी १७४८ मध्ये बांधून घेतला. विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये पुन्हा उभारलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नदीतून बघताना कळतं की ती एकटी गोष्ट नव्हती. इंदूर, नागपूर, ग्वाल्हेर, पुणे, सगळ्यांनी इथे दगड आणून ओतलाय. झाशीच्या राणीचा जन्मसुद्धा इथलाच. वडील मोरोपंत तांबे चिमाजीअप्पांच्या पदरी काशीला होते. म्हणून तर मुलीचं नाव मणिकर्णिका. विद्यापीठातल्या पोरांपैकी एकाने विचारलं, "बाबूजी, आप लोगों ने पूरा बनारस ही बनाया है क्या?" काका म्हणाले, "पूरा नहीं. सीढ़ियाँ."

दशाश्वमेधावर आरतीची तयारी चालली होती, तख्त मांडले जात होते. नावाडी म्हणाला, आधी पुढे जाऊन येऊ, परतताना आरती. मानमंदिराची वेधशाळा गेली. त्याच्या थोडं पुढे मीरघाट. हा मीर रुस्तम अली या फौजदाराने अठराव्या शतकात बांधला. घाट बांधणाऱ्यांत एक मुसलमानाचं नाव निघाल्याचा मला झालेला आनंद काकांनी ओळखला असावा. "आता कसं," म्हणाले.

मणिकर्णिकेजवळ नावाड्याने इंजिन मंद केलं आणि फोटो काढू नका म्हणून सांगितलं. लाकडांच्या थप्प्या, धूर, त्याच्यामागे काळी पडलेली देवळं. काकांनी हात जोडले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मी मनात फातिहा वाचली. काकूंसाठी वाचली, हे इथे सांगून टाकतो. त्यांच्यासाठी ती चालते की नाही, असा मसला कोणाला काढायचा असेल तर मी वाद घालणार नाही.

पलीकडेच पाण्यात अर्धवट बुडालेलं, एका अंगाला कललेलं रत्नेश्वराचं देऊळ. लोककथा अशी की कोणा माणसाने ते आईच्या नावाने बांधलं आणि "आईचं ऋण फिटलं" असं म्हणाला, तेव्हा ते कललं. शेजारचा शिंदे घाट दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी १८३० मध्ये बांधला, आणि तोही स्वतःच्या वजनाने खचला. गंगेचा हा काठ फसवा आहे. पावसाळ्यात पाणी पायऱ्या गिळून वरपर्यंत चढतं, नावा बंद होतात. काठ टिकवणं हेच इथे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे. कृष्णेच्या काठच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

आणि मग पंचगंगा घाट आला.

वाचकहो, या ठिकाणाबद्दल मी घरून निघतानाच थोडा धास्तावलो होतो. खालून चढत गेलेल्या उंच पायऱ्या, आणि त्यांच्या माथ्यावर, सगळ्या काठावर नजर जाईल तिथून दिसणारी मशीद. नावाड्याने रोज सांगतो त्याच सुरात सांगितलं, "ये पंचगंगा है. ऊपर औरंगजेब वाली मस्जिद. पहले यहाँ बिंदुमाधव का मंदिर था, बहुत बड़ा."

नावेत कोणी काही बोललं नाही. माझी टोपी खिशात होती. तरी पोरांपैकी एकाने माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. कदाचित त्याने पाहिलंही नसेल.

"खरं आहे," काका म्हणाले.

"हो, खरं आहे," मी म्हणालो.

खरंच आहे ते. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने ते देऊळ उभं असताना पाहिलं आणि लिहून ठेवलं. औरंगजेबाच्या काळात ते पाडलं गेलं आणि त्या जागी मशीद झाली. मी कोण त्याची सफाई देणार, आणि का देऊ? लहानपणापासून दोन प्रकारची माणसं मी पाहत आलो. एक, ज्यांना हे माझ्याकडून कबूल करून घ्यायचं असतं. दुसरी, ज्यांना हा विषयच नको असतो. मला दोन्हींचा कंटाळा येतो. झालं ते झालं, आणि वाईट झालं. माझ्या धर्माने माझ्यावर औरंगजेबाची वकिली टाकलेली नाही.

पण काका इतिहासाचे मास्तर. त्यांना एका वाक्यावर थांबता येत नाही. ते म्हणाले, "पुढचं ऐक." तेव्हा पुढचं असं. बिंदुमाधवाची मूर्ती आज ज्या देवळात आहे ते त्याच घाटावर, मशिदीच्या सावलीतच म्हणा ना, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलं. म्हणजे आपल्या साताऱ्याकडच्या औंधने. ते काम पाडापाडी न करता झालं. ब्रिटिश काळात मशिदीचे मिनार खिळखिळे झाले, तेव्हा जेम्स प्रिन्सेपने त्यांची दुरुस्ती केली. हा बनारसच्या टांकसाळीतला अधिकारी. पुढे त्यानेच अशोकाची ब्राह्मी लिपी वाचली. ते उंच मिनार आज नाहीत. पण जोवर होते तोवर सगळा बनारस त्यांना काय म्हणायचा, हे नावाड्याने न विचारता सांगितलं: "बेनीमाधव का धरहरा." धरहरा म्हणजे मनोरा. आजही म्हातारे लोक तेच म्हणतात, म्हणाला. एक नाव आलमगीर मशीद. लोकांच्या तोंडी मात्र पाडलेल्या देवाचंच नाव, मशिदीला.

याच पायऱ्यांवर रामानंद पहाटे स्नानाला यायचे. जुलाह्याच्या घरचा कबीर अंधारात पायरीवर आडवा पडून राहिला, गुरूंचा पाय लागला आणि तोंडातून निघालेलं रामनाम त्याने दीक्षा म्हणून घेतलं, अशी कथा आहे. आणि आपले नाथ महाराज! एकनाथी भागवत पुरं झालं ते काशीत, १५७३ मध्ये. मराठीत भागवत लिहिलं म्हणून इथल्या पंडितांनी आधी त्रास दिला आणि मग मिरवणूक काढली, अशी आख्यायिका सांगतात.

"नाथांचा हिंदू-तुर्क संवाद मी तुम्हाला शिकवला होता," काका म्हणाले.

"आठवतो. शेवटी दोघे एकमेकांना मिठी मारतात."

"शेवटी. त्याच्या आधी काय?"

मला आठवेना.

"त्याच्या आधी पुष्कळ भांडतात. एकमेकांच्या देवाधर्मावर तोंडाला येईल ते बोलतात. मी वर्गात ते गाळायचो. थेट मिठीवर यायचो. पोरं लहान, कोणाच्या घरी काय जाऊन सांगतील, म्हणून." थोडं थांबून ते म्हणाले, "गच्चीवर तू जे बोललास, त्यातलं अर्धं बरोबर होतं."

मी म्हटलं, "तुमचंही अर्धं."

"कुठलं अर्धं ते नको ठरवू आता. वाजले किती?"

सहाला पाच कमी होती. आता माझी खरी पंचाईत. रोजा सुटायला दहा-बारा मिनिटं, आणि मी गंगेच्या मधोमध. पिशवीत खजूर होते, पाण्याची बाटली होती. पण या पाण्यावर, या माणसांमध्ये बसून मी काही खाल्लेलं कोणाला रुचेल का? इथे लोक अस्थी सोडतात, दिवे सोडतात. काठावर जाऊन सोडावा म्हटलं तर मणिकर्णिकेपासून इथपर्यंत उतरायला सोयीचं काही दिसेना. आजच्या दिवसांत कशावरून काय होईल याचा भरवसा नसतो, आणि मला माझ्यापेक्षा काकांची काळजी. शेवटी नावाड्याच्या जवळ सरकलो आणि हळूच विचारलं. म्हटलं, रोजा आहे, खजूर आणि पाणी, दुसरं काही नाही. चालेल का?

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडगळ. "रोज़ा है तो खोलिएगा नहीं का?" मग इंजिनच बंद केलं. म्हणाला, वरून अजान येते, इंजिनच्या आवाजात ऐकू येणार नाही. त्याला वेळ माहीत होती. त्याचे रोजचे दोन गिऱ्हाईक मदनपुऱ्याचे विणकर होते, रमजानात हवा खायला याच वेळी यायचे, असं त्याने नंतर सांगितलं.

मी खजुराची पुडी काढणार तोच काकांनी आपल्या कापडी पिशवीतून डबा काढला. तोच, १९७८ चा. मिरजेहून निघताना धुऊन, पुसून, आत खजूर आणि केळ्याच्या वेफर्सचा पुडा घालून आणला होता, मला न सांगता. खाली वर्तमानपत्राची घडी होती, डबा वाजू नये म्हणून. "शिरा मला जमत नाही," म्हणाले.

इंजिन थांबल्यावर नदीचा आवाज ऐकू आला. नाव हळूहळू आपोआप खाली सरकत होती. कुठेतरी घंटा, कुठेतरी पोरांचा क्रिकेटचा गलका, आणि मग वरच्या गल्ल्यांतून एक अजान, तिच्या मागोमाग दुसरी, लांबची. मी दुवा म्हटली आणि खजूर तोंडात टाकला. आंध्रच्या बाईंनी आपल्या मुलीला काहीतरी समजावलं. मुलीने पुढे येऊन हात पसरला. तिलाही दिला. पोरांना दिला. नावाड्याने दोन घेतले आणि एक कानावरच्या विडीसारखा शर्टाच्या खिशात ठेवला, घरी पोरासाठी.

नमाज मी बसूनच पढली. नाव हलत होती, किब्ला कुठे म्हणून मी इकडे तिकडे पाहिलं तर काकांनीच शहराकडे बोट केलं. पश्चिम. घाट, मशीद, बिंदुमाधव, सगळं त्याच बाजूला.

तिथून अगदी जवळ बालाजी घाट. नाव त्याच्यासमोर आली तेव्हा अंधार पडत होता. ही पेशव्यांची जागा. आणि याच बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ लहानपणापासून रियाज करायचे. जन्म बिहारमधल्या डुमरावचा, १९१६ चा, पण मामा अलीबख्श यांच्याकडे काशीला आले आणि काशीचेच झाले. मामा विश्वनाथाच्या देवळात शहनाई वाजवायचे. हा पक्का शिया मुसलमान, मोहर्रममध्ये डोळ्यांतून पाणी येईल असं वाजवायचा आणि रोज गंगेसमोर बसून सूर लावायचा. अमेरिकेत राहायला या, तिथे तुमच्यासाठी बनारस उभं करतो, असं कोणी म्हणाल्यावर त्यांनी गंगा कुठून आणणार असं विचारलं होतं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. २००१ मध्ये भारतरत्न मिळालं, २००६ च्या ऑगस्टमध्ये गेले. फातमानच्या कब्रस्तानात त्यांची कबर आहे. मिरजेच्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्याकडे मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने गाणं होतं, आणि ऐकायला कोण येतं ते कोणी मोजत नाही. काकू दरवर्षी जायच्या. शेवटची दोन वर्षं माझ्या रिक्षातून.

"शहनाई ऐकू येत नाही आता," काका म्हणाले. मला वाटलं ते बालाजीच्या देवळाबद्दल म्हणतायत. ते काकूंच्या लग्नाबद्दल बोलत होते, त्यात सनई-चौघडा होता. मग शालूची गोष्ट निघाली. काकूंचा शालू काशीचा, अम्मीचाही काशीचा. दोघींनी एकदा पेट्या उघडून ते शेजारी शेजारी मांडले होते, कोणाचा भारी यावर. आमच्या घरात मुसलमान विणकराने विणलेला, त्यांच्या घरातही मुसलमान विणकराने विणलेला. मदनपुऱ्यात नाहीतर अलईपुऱ्यात कुठेतरी, कबिराच्या जातभाईंच्या मागावर. कोणाचा भारी ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

परतीला प्रवाहाविरुद्ध इंजिन घरघरत होतं. दशाश्वमेधासमोर नावांना नावा लागलेल्या. चालत एका नावेतून दुसरीत जाता येईल एवढी गर्दी. चहावाला पोरगा खरंच तसा चालत होता. ही मोठी आरती आजच्या रूपात जुनी नाही, गेल्या तीसेक वर्षांतली, पण बघायला मिळते ती आता नावेतूनच नीट. सात ताटं एकदम फिरतात, धूर, शंख, लाउडस्पीकर. लाउडस्पीकर जरा कमी केला तर बरं, हे माझं मशिदींच्या बाबतीतही मत आहे आणि त्यावरून घरात बोलणी खाल्लेली आहेत. लोकांनी पानाच्या द्रोणातले दिवे सोडले. काकांनी दोन घेतले. एक काकूंचा. दुसरा कोणाचा म्हणून मी विचारलं नाही. अम्मी जाऊन सहा वर्षं झाली होती.

पाण्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहितो. दिवे जिथे तरंगत होते त्याच पाण्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि कुजलेल्या माळा होत्या. गंगा स्वच्छ करण्याची सरकारी योजना राजीव गांधींनी याच शहरात १९८६ मध्ये सुरू केली. त्याच्या आधीपासून संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र या पाण्यासाठी झगडत होते. हा माणूस हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकी शिकवायचा आणि रोज याच पाण्यात स्नानही करायचा. पाणी पवित्र आहे आणि पाणी घाण आहे, ही दोन्ही वाक्यं एका तोंडाने बोलण्याची हिंमत त्यांच्यात होती. आपली कृष्णा-पंचगंगा आठवून मला जरा लाजच वाटली.

अस्सीवर उतरलो तेव्हा आठ वाजत आले होते. काका दमले होते, पायऱ्या चढताना दोनदा बसले. नावाड्याने ठरलेल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त मागितले. काकांनी घासाघीस केली, वीसावर आणले आणि मग त्याच्या पोरासाठी म्हणून शंभर दिले. मी तरावीहला जाऊ की नको करत होतो. "जा तू. मी झोपतो. पण सहेरीला मला उठव, चहा मीही घेईन."

डबा माझ्याकडे राहिला. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी संकटमोचनाकडच्या दुकानात जाऊन अर्धा किलो लाल पेढे घेतले आणि त्यात भरले. चार-पाच जास्त झाले, झाकण बसेना. तेवढे काढून रेल्वेत काकांना दिले. माझा रोजा त्या दिवशी नव्हता, प्रवास होता, म्हणून दोन मीही खाल्ले.